पाऊस सुरगाण्यात, बदकं निफाडला

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा तालुका पश्चिमेच्या टोकाला आहे, गुजरातला खेटून. जून ते सप्टेंबर इथे पावसाची झड लागली की समोरचा डोंगर दिवस दिवस दिसत नाही. निफाड याच जिल्ह्यातलं, पण सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत. निफाडला वर्षभरात जेवढा पाऊस होतो, त्याच्या तीन-चार पट सुरगाण्यात होतो.

थंडीत मात्र चित्र उलटं दिसतं. नोव्हेंबरपासून निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर हजारो रानबदकं उतरतात: तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, लालसरी, शिवाय हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. सुरगाण्यात असे थवे दिसत नाहीत. दिसतात त्या मार्च उजाडला की हंडे घेऊन झऱ्याकडे निघालेल्या बायका. पाणी जास्त पडतं तिथे पाणपक्षी का नाहीत?

याला लागूनच दुसरा प्रश्न आहे. आपल्याकडे शेतात पाणी साचून राहिलं की जमीन चिबड झाली म्हणतात. तिला गिऱ्हाईक मिळत नाही आणि सातबाऱ्यावर तो तुकडा पोटखराब्यात जातो. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर अशीच जमीन विकायला निघते, तेव्हा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की इतके एकर पाणथळ आहे, इथे बदकं उतरतात, शिकारीसाठी उत्तम. आपल्या सातबाऱ्यावरचा पोटखराबा तिथे दर वाढवतो. असं का होतं?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीकडे नेतात. पाणी किती पडतं यापेक्षा ते किती उथळ आणि किती दिवस थांबतं, याला बदकांच्या लेखी महत्त्व आहे.

छपरावरचं पाणी आणि परातीतलं पाणी

सुरगाणा म्हणजे कौलारू घराचं छप्पर समजा आणि नांदूर मध्यमेश्वर म्हणजे अंगणात ठेवलेली परात. सगळा पाऊस छपरावर पडतो, पण छपरावर काही राहत नाही. सुरगाण्याचे डोंगर उभ्या चढणीचे, माती पातळ आणि तिच्याखाली काळा कातळ. पाऊस पडला की तासाभरात ओहोळ नदीला मिळतो. नार, पार, अंबिका या नद्या खोल दऱ्यांतून पश्चिमेला गुजरातमध्ये उतरतात आणि अरबी समुद्राला मिळतात. भिवतासचा धबधबा पाहायला लोक पावसाळ्यात गर्दी करतात. पण धबधबा असणं याचाच अर्थ तिथे पाणी थांबत नाही.

पूर्वेकडे गोदावरीची गोष्ट वेगळी आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून निघालेली नदी नाशिक ओलांडून सपाट काळ्या मातीत येते आणि तिचा वेग मोडतो. निफाड तालुक्यात तिला कादवा मिळते. या संगमापाशी विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात ब्रिटिश सरकारने दगडी बंधारा बांधला. हेतू साधा होता. वरून आलेलं पाणी अडवायचं, थोडं उंच करायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळवून खालच्या अवर्षणग्रस्त भागाला द्यायचं. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्याही आराखड्यात नव्हता.

बंधारा धरणासारखा उंच नव्हता. सपाट प्रदेशात पाणी थोडंसं उंच केलं की ते वर चढण्याऐवजी आडवं पसरतं, आणि तसंच झालं. पुढे प्रत्येक पावसाळ्यात गोदावरी आणि कादवेने गाळ आणून टाकला. जलाशय भरत गेला, बेटं तयार झाली, पाणकणीस आणि लव्हाळी रुजली. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात ही साठवणक्षमतेची घट होती. बदकांसाठी मात्र त्या गाळानेच जागा राहण्याजोगी केली.

अर्ध्या मीटरचा प्रश्न

बदक पाण्यात काय करतं, ते नीट पाहिलं तर खोलीचं महत्त्व कळतं. रानबदकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक गट बुडी न मारणाऱ्यांचा. तलवार बदक, चक्रांग, हळदी-कुंकू बदक ही त्यातली. ही पाण्यावर तरंगतात आणि खायचं असलं की डोकं खाली, शेपटी आभाळाकडे अशी उलटी होतात. मान जिथवर पोचेल तिथवरचंच अन्न त्यांना मिळतं, म्हणजे साधारण तीस-चाळीस सेंटिमीटर. त्यापेक्षा खोल पाण्याचा तळ त्यांच्यासाठी असून नसल्यासारखा. दुसरा गट बुडी मारणाऱ्यांचा, लालसरी आणि शेंडी बदकासारख्यांचा. त्यांना एक-दोन मीटर किंवा थोडं अधिक खोल पाणी चालतं, पण तीही धरणाच्या मध्यावर अथांग पाण्यात पोट भरू शकत नाहीत.

म्हणून बदकांसाठी जागेचा हिशेब करायचा, तर तलावाचं क्षेत्रफळ फसवं असतं. मोजायचा तो काठाचा उथळ पट्टा. समजा, एका जलाशयाचा काठ इतका उभा आहे की पाच मीटर आत गेलं की पाणी एक मीटर खोल होतं. मग अर्धा मीटर खोलीपर्यंतचा पट्टा केवळ अडीच मीटर रुंद भरतो. दुसऱ्या जलाशयात एक मीटर खोली यायला दोनशे मीटर आत जावं लागतं. तिथे तोच पट्टा शंभर मीटरचा होतो. काठाची लांबी तीच, पाणीही तेवढंच, पण बदकांचं कुरण चाळीस पट. डोंगरी दरीतलं धरण आणि सपाटीवरचा बंधारा यांतला सगळा फरक या आकड्यात आहे.

उथळ पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो आणि तळाशी पाणवनस्पती वाढतात. त्या कुजल्या की त्यांच्यावर सूक्ष्मजीव पोसतात, त्या सूक्ष्मजीवांवर किड्यांच्या अळ्या आणि गोगलगायी. बदक यांतलं सगळंच खातं: बी, कंद, कोवळी पानं, अळ्या. खोल, गढूळ पाण्यात तळाशी अंधार असतो आणि ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

थापट्याचं जेवण जवळून पाहण्यासारखं असतं. त्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद होते आणि तिच्या कडेला आतून शंभराहून अधिक बारीक दात्यांची रांग असते. हा पक्षी चोच पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून सरळ पुढे जात राहतो. तोंडात पाणी शिरतं, जिभेच्या दाबाने कडेने बाहेर फेकलं जातं आणि दात्यांना अडकलेले बारीक जीव व बिया आत राहतात. कधीकधी दहा-वीस थापटे एकामागे एक गोल फिरू लागतात. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं अन्न मागचा गाळून घेतो आणि त्याने ढवळलेलं त्याच्या मागचा. दुर्बिणीतून पाहिलं तर पाण्यावर सावकाश फिरणारी चकतीच दिसते. हे सारं शक्य होतं ते तळ जवळ असल्यामुळे.

आवर्तन सुटलं की चिखल उघडा पडतो

उथळपणाइतकीच गरज असते ती पाण्याच्या चढ-उताराची. बारा महिने एकाच पातळीला भरलेला तलाव हळूहळू निकस होतो. पाणी उतरून काठाचा चिखल उघडा पडतो, तेव्हा त्याला हवा आणि ऊन मिळतं. साचलेला पालापाचोळा भराभर कुजतो, अन्नद्रव्यं मोकळी होतात आणि चिखलात पडून राहिलेल्या गवताच्या बिया उगवतात. गवत वाढून दाणे धरतं. पुन्हा पाणी चढलं की ते दाणे पाण्याखाली जातात, म्हणजे बदकाच्या चोचीच्या टप्प्यात येतात. अमेरिकेतल्या अभयारण्यांत हे मुद्दाम करतात. उन्हाळ्यात पाणी सोडून द्यायचं, गवत वाढू द्यायचं आणि पक्षी यायच्या सुमाराला पुन्हा पाणी भरायचं.

नांदूर मध्यमेश्वरला हे काम शेतीच्या आवर्तनामुळे आपोआप होतं. वरच्या गंगापूर, दारणा या धरणांतून पाणी येतं, कालव्यांतून कोपरगाव-राहात्याकडे, जलदगती कालव्याने मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडे जातं. पाणी आलं की पातळी चढते, सुटलं की उतरते. उतरलेल्या काठावर शेकाट्या आणि तुतारीसारखे लांब पायांचे पक्षी चिखलात चोच खुपसत हिंडतात. बदकं थोडी आत सरकतात.

मात्र हा सगळा खेळ बेताचा हवा. पाणी एकदम खूप चढलं तर उथळ पट्टा बुडतो, एकदम आटलं तर पक्षी उठून जातात. आवर्तनाचं वेळापत्रक कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, पिकं आणि पिण्याचं पाणी डोळ्यांपुढे ठेवून. ते तसंच ठरायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हिवाळ्यातलं पाणी आठ-दहा दिवसांत हळूहळू उतरवलं तर शेतकऱ्याचं काही जात नाही आणि पक्ष्यांचं पुष्कळ वाचतं. एवढी नोंद त्या बैठकीत व्हावी, असं मला वाटतं.

> चौकट : पाणथळ जागा बदकांना मानवेल का?
> काठावरून पाण्यात चालत जा. पन्नास-साठ पावलांवरही पाणी गुडघ्याखाली असेल, तर जागा चांगली. तळाशी मऊ गाळ हवा, कोरा मुरूम नको. पाण्यात गवत, लव्हाळी हवीत, पण सगळं पाणी जलपर्णीने झाकलेलं नको, कारण तिच्याखाली उजेड जात नाही आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. मध्ये मोकळं पाणी हवं, कारण कोल्हा-कुत्र्यापासून सुटायला बदकांना तोच आसरा. आणि दिवसभरात निदान काही तास तिथे माणसांची वर्दळ नको. हिवाळ्यात आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. दर तासाला उडावं लागलं, तर खाल्लेलं सगळं उडण्यातच खर्ची पडतं.

बर्फाने सोडलेले खड्डे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. कॅनडाचे आल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा हे प्रांत आणि अमेरिकेची मोंटाना, उत्तर व दक्षिण डाकोटा, मिनेसोटा, आयोवा ही राज्यं यांच्यात एक प्रचंड गवताळ पट्टा आहे. शेवटच्या हिमयुगात त्यावर बर्फाचा जाड थर होता. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी तो वितळत मागे सरकला, तेव्हा माती-गोट्यांच्या ढिगाऱ्यात बर्फाचे तुकडे गाडलेले राहिले. ते वितळले आणि त्यांच्या जागी खळगे उरले, एकेका शेतात पाच-दहा. त्यांना जोडणारा ओढा नाही, नदी नाही. वसंतात बर्फ वितळलं की खळगे भरतात, काही जूनमध्येच सुकतात, काही वर्षभर टिकतात.

उत्तर अमेरिकेतल्या बदकांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त या पट्ट्यात जन्माला येतात. इथे नांदूर मध्यमेश्वरपेक्षा एक मूलभूत फरक आहे. आपल्याकडे बदकं येतात ती थंडी काढायला. तेव्हा ती थव्याने राहतात आणि एक मोठं पाणी हजारोंना पुरतं. विणीच्या काळात मात्र जोडी एकटी राहू पाहते. नर आपल्या डबक्यातून दुसऱ्या नराला हुसकावतो. त्यामुळे दहा एकरांच्या एका तळ्यापेक्षा एकेक एकराची दहा तळी जास्त जोड्यांना जागा देतात. मादीला अंड्यांसाठी प्रथिनं लागतात. ती पहिल्यांदा मिळतात सर्वांत उथळ डबक्यात, कारण ते आधी वितळतं, आधी तापतं आणि त्यातल्या अळ्या-गोगलगायी आधी वाढतात. घरटं ती बहुतेकदा पाण्यापासून दूर, गवतात करते. म्हणून तिथे खळगा एकटा उपयोगाचा नाही, भोवतीचं गवतही हवं. गवत नांगरलं की खळगा भरलेला असूनही पिल्लं होत नाहीत.

आणि हेच खळगे गव्हा-मक्याच्या शेतकऱ्याच्या नांगराला आडवे येतात. जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ पुरून पाण्याचा निचरा केला की तिथे काळी, कसदार शेती मिळते. आयोवा राज्याने आपल्या पाणथळ जागांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास अशाच गमावल्या. १९३० च्या दशकात त्यातच सलग दुष्काळ पडला आणि बदकांची संख्या कोसळली.

शिकाऱ्याच्या खिशातून जमीन

धोका पहिल्यांदा शिकाऱ्यांनी ओळखला. बदकच उरलं नाही तर बंदूक काय कामाची? १९३४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने बदक-तिकीट काढलं. पाणबदकांची शिकार करायची तर परवान्याबरोबर दरवर्षी हे तिकीट विकत घेणं सक्तीचं. सुरुवातीला त्याची किंमत एक डॉलर होती, आता पंचवीस डॉलर आहे. जमा होणाऱ्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनी विकत किंवा करारावर घेण्यावर खर्च होतात. या मार्गाने आजवर साठ लाख एकरांच्या आसपास जमीन राखली गेली आहे. १९३७ मध्ये शिकाऱ्यांनीच 'डक्स अनलिमिटेड' ही संस्था उभारली. पुष्कळ बदकं जन्मतात कॅनडात आणि शिकार होते अमेरिकेत, हे ओळखून अमेरिकी शिकाऱ्यांचा पैसा कॅनडातल्या पाणथळी वाचवायला गेला.

यातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग जमीन-खरेदीचा नाही, कराराचा आहे. शेतकरी जमीन विकत नाही. तो सरकारला एकच हक्क विकतो: ही जागा मी बुजवणार नाही, जाळणार नाही, तिचा निचरा करणार नाही. बदल्यात एकरकमी पैसे घेतो. मालकी त्याचीच राहते, दुष्काळात खळगा सुकला तर तो तिथे पेरूही शकतो. करार जमिनीला चिकटतो. पुढे मुलाने जमीन विकली तरी घेणाऱ्यावर तो बंधनकारक असतो. विक्रीच्या जाहिरातीत पाणथळीच्या एकरांबरोबर अशा कराराचाही उल्लेख असतो, तो यामुळेच. घेणारा बहुधा शहरात राहणारा हौशी शिकारी असतो. त्याला वर्षातले काही दिवस तिथे घालवायचे असतात आणि उरलेल्या काळात शेजारचा शेतकरी कडेची शेती खंडाने करतो.

या व्यवस्थेने एक विषही सोडलं, तेही सांगितलं पाहिजे. छऱ्याच्या बंदुकीतून उडणारे शिशाचे छरे पाण्याच्या तळाशी वर्षानुवर्षं साचत गेले. बदकाला दात नसतात. दाणे दळायला ते बारीक खडे गिळतं आणि ते जठरात राहतात. खडा समजून छरा गिळला की तोच तिथे झिजतो आणि शिसं रक्तात उतरतं. गोळी न लागलेली बदकंही अशी मरत होती. अखेर १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आली.

आपल्याकडची बंदूक

बदकांच्या शिकारीसाठी पाणथळ राखण्याचा प्रकार आपल्याही देशाला नवा नाही. राजस्थानातलं भरतपूर तसंच घडलं. संस्थानिकांनी बांध घालून पाणी अडवलं, पाहुण्यांसाठी शिकारीचे दिवस ठरवले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हे आकडे कोरलेले दगड आजही तिथे उभे आहेत. ते वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच संस्थानी राखणीमुळे तिथलं पाणी बुजवलं गेलं नाही, हेही खरं. १९८१ मध्ये ते रामसर यादीत गेलं आणि १९८५ मध्ये जागतिक वारशात.

मुंबई राज्यात १९५१ चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा होता. त्यात परवाना आणि शिकारबंदीचे महिने यांची सोय होती, म्हणजे शिकार नियमांत बसवलेली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही परवान्याची वाट उरली होती; १९९१ च्या दुरुस्तीने ते युग संपवलं. आज कोणतंही रानबदक मारणं गुन्हा आहे, बंदुकीने, फासाने की गलोलीने हा फरक कायदा करत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्याच्या हद्दीत ती आणखी कडक आहे.

मला ही बंदी पूर्णपणे योग्य वाटते. अमेरिकेची पद्धत दरवर्षीच्या मोजणीवर चालते. विमानातून तळी आणि बदकं मोजतात, मग माणशी किती पक्षी मारायचे ते ठरवतात आणि पाणवठ्यावर पहारा ठेवतात. आपल्याकडे येणारी बदकं मध्य आशियाई उड्डाणमार्गाने कझाकस्तान, सायबेरियातून येतात. हा मार्ग तीस देशांवरून जातो. त्यांची वीण कुठे किती झाली, हे आपल्या हाती नाही. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने भरतपूरला पायात कडी अडकवून सोडलेली बदकं दूर सोव्हिएत मुलखात सापडली, म्हणून हे नातं ठाऊक झालं. ज्या पक्ष्यांची शिरगणती आपण करू शकत नाही, त्यांच्यावर बंदूक चालवण्याचा परवाना कोणत्या हिशेबाने देणार?

मग पैसे कोण मोजतं?

बंदीने पक्षी वाचले, पण एक प्रश्न अनुत्तरित राहिला. डाकोटात पाणथळ राखणाऱ्या शेतकऱ्याला शिकाऱ्याच्या खिशातून पैसे मिळतात. आपल्याकडे कोणाच्या खिशातून?

नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झालं. डॉ. सालिम अली यांनी त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, हे नाशिककर अभिमानाने सांगतात. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, क्षेत्र १,४३७ हेक्टर. तिथे ५३६ जातींच्या सजीवांची नोंद आहे. चापडगावच्या मनोऱ्यावर हिवाळ्यात रविवारी गर्दी असते, गावातली मुलं वाटाडे म्हणून काम करतात, दुर्बिणी भाड्याने देतात. हा पैसा खरा आहे, पण तो मनोऱ्याच्या आसपासच फिरतो.

काठाच्या शेतकऱ्याकडे पाहू. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन पाटबंधारे खात्याची. ती खंडाने मिळते आणि तिच्यात हरभरा-गहू उत्तम येतो, कारण गाळ कसदार. पट्टकादंबांनाही कोवळा हरभरा आणि गहू आवडतो. पहाटे थवा उतरला की शेतकरी डबा वाजवत धावतो. अभयारण्याचे निर्बंध आहेत ते वेगळे. वरून नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीतून येतं, द्राक्षबागांची खतं-औषधं ओढ्यांतून उतरतात, त्यावर जलपर्णी फोफावते आणि मासेमारांची जाळी तिच्यात अडकतात. म्हणजे पाणथळ राखल्याचा भार काठावर आणि तिचा फायदा सगळ्यांना: पुराचं पाणी पसरायला जागा मिळते, गाळ खाली बसतो, भोवतालच्या विहिरींना पाझर मिळतो.

कायद्याची आणखी एक अडचण आहे. २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांतून भातखाचरं आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळलेली आहेत. नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत असल्याने त्याला संरक्षण मिळालं. पण महाराष्ट्रात पक्ष्यांनी निवडलेल्या बहुतेक जागा पाझर तलाव, बंधारे, धरणांचे फुगवटे अशाच आहेत. त्या नियमांच्या बाहेर राहतात. डाकोटातला 'निचरा न करण्याचा करार' शिकारीशिवायही होऊ शकतो, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पैसे देणारा शिकारीच असला पाहिजे असं काही नाही. ज्या शहराचं सांडपाणी त्या पाणथळीत निवळतं, ज्या खालच्या गावांचा पूर ती अडवते, त्यांच्या पाणीपट्टीतला थोडा हिस्सा काठाच्या शेतकऱ्याला देता येईल. गाळपेराचा खंड पक्ष्यांच्या नुकसानीच्या प्रमाणात माफ करणं तर खात्याच्या हातातलं काम आहे.

सुरगाण्याची जमीन

सुरगाण्यात बदकांसाठीच काय, कशासाठीही बाहेरच्या माणसाला जमीन सहजी विकत घेता येत नाही, आणि तेच बरं. संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सरकारच्या परवानगीशिवाय जात नाही. शहरातल्या हौशीने पाणथळ विकत घेऊन राखायची, ही अमेरिकी वाट इथे बंद आहे. पण दुसरी वाट उघडी आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगलातल्या पाण्यातले मासे आणि इतर उपज घेण्याचा, शिवाय ते जंगल राखण्याचा सामूहिक हक्क दिला आहे. डाकोटात जो अधिकार एका मालकाकडे आहे, तो इथे गावाकडे येऊ शकतो.

राखायला इथे काय आहे? छपरावरही कुठे कुठे पाणी थबकतं. डोंगराच्या पायथ्याला कातळातून पाझर फुटतो, तिथली जागा जानेवारीपर्यंत ओली राहते. टप्प्याटप्प्याची भातखाचरं पावसाळ्यात उथळ पाण्याखाली असतात आणि कापणीनंतरही काही दिवस चिखल टिकतो. हजारोंचे थवे इथे उतरणार नाहीत. पण बगळे, पाणलावे, एखाद-दुसरी हळदी-कुंकू बदकाची जोडी येते, बेडूक आणि खेकडे वाढतात. खेकडा इथल्या ताटातला आहे, त्यामुळे या ओल्या जागांची किंमत गावाला कोणी शिकवायची गरज नाही. अशी पाझराची जागा बुजवून तिथे रस्त्याचा मुरूम टाकला जातो, तेव्हा पाझर बंद होतो आणि खालची विहीर आधी आटते.

मोठा बदल पुढे येऊ घातला आहे. नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यात पश्चिमेला वाहून जाणारं पाणी अडवून, उपसून, बोगद्यातून गिरणा खोऱ्यात नेण्याची योजना आहे. धरणं होतील ती याच डोंगराळ मुलखात. दरीतल्या धरणाचा काठ उभा असतो, म्हणून तिथे काठच्या अरुंद पट्ट्यापलीकडे बदकांना फारसं काही मिळणार नाही. अपवाद फुगवट्याच्या शेपटाचा, जिथे नदी जलाशयात शिरते. तिथे वेग मोडतो, गाळ पहिल्यांदा तिथेच पडतो आणि दहा-वीस वर्षांत उथळ, गवताळ जागा तयार होते. आजचं नांदूर मध्यमेश्वर गाळाने घडवलं, ते याच तऱ्हेने.

ती जागा कुठे असेल, हे धरण बांधण्याआधीच नकाशावर दिसतं. प्रत्येक धरणाची पूर्ण संचय पातळी ठरलेली असते आणि ती समोच्च रेषेने आखतात. त्या रेषेच्या लगत आतल्या बाजूला जिथे रेषा एकमेकींपासून लांब लांब पडल्या आहेत, तिथे उतार मंद आहे, म्हणजे तिथे उथळ पाणी राहणार. बुडीत क्षेत्राच्या सुनावणीत ग्रामसभेने हा नकाशा मागावा, शेपटाच्या त्या तुकड्यावर बोट ठेवावं आणि तिथला गाळपेर, मासेमारी आणि राखण यांचा हक्क गावाच्या नावे लेखी मागून घ्यावा. धरण झाल्यावर तो मागायला गेलं की जमीन खात्याच्या नावावर चढलेली असते.